हलत्या माशाचे माप

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडच्या जुन्या घरांत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा दिसतात. घरातल्या मुलांची उंची त्यावर मोजलेली असते. दर दिवाळीला पोराला चौकटीला टेकवून उभे करायचे, डोक्यावर पाटी आडवी धरायची आणि रेघ मारायची. मागच्या वर्षीची रेघ आणि या वर्षीची रेघ यांतले अंतर म्हणजे वर्षभरातली वाढ. एवढे ते सोपे असते, कारण पोरगे तेच असते, चौकट तीच असते आणि पोरगे घटकाभर का होईना, सरळ उभे राहते.

माशाच्या बाबतीत यातले काहीच खरे नसते. मासा उभा राहत नाही. हातात धरला तर निसटतो. पाण्याबाहेर फार वेळ ठेवता येत नाही. आणि मागच्या महिन्यात मोजलेला मासा तो हाच का, हे सांगायला त्याच्या अंगावर नावही लिहिलेले नसते. म्हणून माशाची वाढ अचूक मोजायची कशी, हा प्रश्न वरवर पोरखेळ वाटला तरी त्याच्यामागे अडीचशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात आपल्या दख्खनच्या नद्या आहेत, आपली मराठी नावे आहेत, सातारा जिल्ह्यात जन्मलेला एक थोर गणिती आहे. आणि अगदी शेवटी, एका छोट्याशा चुकीपुरता, मीही आहे.

माझे गाव डोंगरकडा. आज ते हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात आहे. मी शिकत होतो तेव्हा हिंगोली जिल्हा झालेलाच नव्हता. तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी आले तसा आमचा परिसर केळीचा आणि हळदीचा झाला. कालव्याच्या झिरप्यावर काही खोलगट जमिनी बारमाही ओल्या राहू लागल्या. अशाच एका जागी आमच्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, तळे खोदून त्यात रोहू आणि कटला सोडला होता. मासे पाळता येतात हे मी पुस्तकात वाचण्याआधी नानांच्या बांधावर पाहिले, आणि त्यामुळेच पुढे मत्स्यशास्त्र शिकायला गेलो.

तिथे गेल्यावर पहिल्यांदा कळले की मासे मोजण्याचा आपल्या मुलुखातला इतिहास एका लष्करी अधिकाऱ्यापासून सुरू होतो. त्याचे नाव कर्नल विल्यम हेन्री साईक्स. पेशवाई बुडाल्यानंतर, १८२४ साली, मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. साईक्स काही वर्षे गावोगाव फिरला. जमिनी, पिके, माणसे, पाऊसपाणी या सगळ्यांची त्याने नोंद केली, आणि त्या ओघात भीमा आणि तिच्या उपनद्यांमधल्या माशांचीही केली. त्याचा दख्खनच्या माशांवरचा निबंध १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेमार्फत प्रसिद्ध झाला.

या निबंधाची गंमत अशी की, साईक्सने बऱ्याच माशांना शास्त्रीय नावे देताना इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडातली मराठी नावेच उचलली. शिंगटी, कोळस, नुकटा, खुदरी ही नावे आज जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीत लॅटिन वळणाने बसलेली आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने ज्या महसीर माशाचे बीज तयार करण्याचे मोठे काम केले, त्याचे शास्त्रीय नाव टॉर खुदरी. त्यातला खुदरी हा शब्द साईक्सने आपल्याच लोकांकडून घेतलेला आहे. हाच साईक्स पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला. म्हणजे मासे आणि आकडे यांची जोडी आपल्याकडे पहिल्यापासूनच जमलेली आहे.

पण साईक्सने मोजले ते माशाचे आकारमान, वाढ नव्हे. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. आकारमान कळायला एकदा मोजले की पुरते. वाढ कळायला दोनदा मोजावे लागते आणि पहिले माप दुसऱ्यातून वजा करावे लागते. आता पहिल्या मापात थोडी चूक असते, दुसऱ्यात थोडी असते. वजाबाकी मापांची होते, चुकांची होत नाही. दोन्ही चुका त्या छोट्याशा उत्तराच्या उरावर येऊन बसतात. वाढीच्या मोजमापाची खरी अडचण ही आहे.

युरोपात या अडचणीवर पहिला तोडगा निघाला तो असा की, माशाला दोनदा मोजूच नये; त्याच्या अंगावर निसर्गाने जे लिहून ठेवले आहे ते वाचावे. १७५९ साली हान्स हेडरस्ट्रॉम नावाच्या स्वीडनमधल्या एका धर्मगुरूने पाईक माशाच्या मणक्यांवरची वलये मोजून त्याचे वय ठरवले. झाडाच्या खोडात वलये असतात, तशीच ही. पुढे १८९८ मध्ये जर्मनीत हॉफबाउअर याने तळ्यात पाळलेल्या कार्प माशांच्या खवल्यांवर तेच दाखवले. हिवाळ्यात पाणी गोठते, माशाची वाढ थांबते, खवल्यावरच्या रेषा दाटीने पडतात. उन्हाळ्यात त्या विरळ पडतात. एक दाट पट्टा म्हणजे एक हिवाळा. तळ्यातल्या माशांचे वय मालकाला आधीच ठाऊक असल्यामुळे ही गोष्ट पडताळूनही पाहता आली.

त्याच सुमाराला डेन्मार्कच्या पीटरसनने आणखी एक युक्ती काढली. जाळ्यात आलेल्या शेकडो माशांची लांबी मोजायची आणि कोणत्या लांबीचे किती, याचा आलेख काढायचा. आलेखाला उंटाच्या पाठीसारखी वशिंडे येतात. पहिले वशिंड यंदाच्या पिल्लांचे, दुसरे गेल्या वर्षीच्या, तिसरे त्याआधीच्या. वशिंडांमधले अंतर म्हणजे वर्षाची वाढ. एकही मासा दुसऱ्यांदा धरावा लागत नाही.

या दोन्ही पद्धती थंड देशांत छान चालल्या. आपल्याकडे मात्र पाणी गोठत नाही. मासा बाराही महिने कमीजास्त वाढत राहतो. खवल्यावर खूण पडते, पण ती कधी विणीच्या हंगामाची असते, कधी उपासमारीची. तरीही आपल्या शास्त्रज्ञांनी चिकाटी सोडली नाही. व्ही. जी. झिंगरन यांनी गंगेतल्या मृगळ माशाच्या वयाचा आणि वाढीचा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. नदीतल्या माशांसाठी ही विद्या मोलाची आहे. पण टाकीतल्या नव्वद दिवसांच्या प्रयोगात खवल्याचा काय उपयोग? तिथे तराजू आणि मोजपट्टीच लागते.

मोजपट्टीची स्वतःची एक फसवणूक आहे. मासा लांबीने वाढतो तेव्हा रुंदीनेही वाढतो आणि जाडीनेही. म्हणून वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दहा सेंटिमीटरचा मासा अकरा सेंटिमीटरचा झाला तर लांबी दहा टक्क्यांनी वाढली, पण वजन सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढले. याची दुसरी बाजू अशी की लांबी मोजताना झालेली चूक वजनाच्या हिशोबात तिप्पट होते. वीस मिलिमीटरचे पिल्लू एकवीस मिलिमीटर वाचले गेले, तर एका मिलिमीटरच्या त्या चुकीने वजनाचा अंदाज पंधरा टक्क्यांहून जास्त फुगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या फुल्टनने याच घनाच्या नियमावरून मासा हडकुळा आहे की भरलेला, हे सांगणारा गुणांक रूढ केला. पुढे १९५१ मध्ये ल क्रेन या इंग्रज शास्त्रज्ञाने विंडरमिअर सरोवरातल्या पर्च माशांवर काम करून दाखवले की, प्रत्येक पाण्यातल्या प्रत्येक जातीचा लांबी-वजनाचा मेळ स्वतंत्रच काढावा लागतो. दुसऱ्याचे कोष्टक उसने घेऊन चालत नाही.

आपल्याकडे या सगळ्याला खरी निकड आली ती स्वातंत्र्यानंतर. तोवर रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पावसाळ्यात पूर आलेल्या नद्यांतून गोळा करावे लागे. कोणत्या जातीचे पिल्लू हाती आले, ते किती दिवसांचे, कशाचाच भरवसा नसे. ज्याचे वयच ठाऊक नाही त्याची वाढ मोजणार कशी? १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून माशाला बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधाने शेतकऱ्याला हुकमी बीज मिळाले हे आपण सगळेच सांगतो. पण संशोधकालाही त्याने एक मोठी देणगी दिली. एकाच दिवशी, एकाच आईबापांपोटी जन्मलेली हजारो पिल्ले आता त्याच्या हाती आली. टाकीतल्या प्रयोगांची वाट तिथून मोकळी झाली. १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरातली मत्स्यशास्त्राची मुले तिथे येऊ लागली.

या मुलांच्या आणि कृषी विद्यापीठांतल्या मुलांच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हमखास असायचे. त्याला कोणी त्याच्या नावाने ओळखत नसे; सगळे ‘पानसे-सुखात्मे’ म्हणत. पुस्तकाचे नाव ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’. ते भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये काढले. दोन्ही लेखक मराठी. डॉ. विनायक गोविंद पानसे इंदूरला कापसाच्या संशोधनात वाढले. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. लंडनला संख्याशास्त्र शिकून ते परत आले, कृषी संशोधन परिषदेचा सांख्यिकी विभाग त्यांनी उभा केला आणि १९५१ मध्ये ते जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत गेले.

सुखात्म्यांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती पिकाची असली तरी माशाला तंतोतंत लागू पडते. आपल्याकडे पीक कापणी प्रयोग सर्वांना माहीत आहे. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून तोलायचे आणि त्यावरून एकरी उतारा काढायचा. १९४० च्या दशकात प्रश्न आला की हा तुकडा केवढा असावा? लहान तुकडा घेतला तर काम झटपट होते. पण सुखात्म्यांनी निरनिराळ्या मापांचे तुकडे एकाच वेळी कापवून पाहिले, तेव्हा दिसले की तुकडा लहान असला की उतारा सतत जास्तच येतो. का? तर आखलेल्या रेषेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की माणसाचा हात ते आत ओढतो. त्यात लबाडी नसते. भरलेले कणीस सोडवत नाही, एवढेच. तुकडा लहान, तर त्याच्या मानाने रेषा जास्त, म्हणून चूकही जास्त. १९४६ मध्ये त्यांनी हे ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात मांडले. पुष्कळ मापे घेतली की लहानसहान चुका एकमेकींना मारतात, असे आपण समजतो. सुखात्म्यांनी दाखवले की एकाच बाजूला झुकणारी चूक हजार मापे घेतली तरी मरत नाही. ती आणखी पक्की होते.

आता माझी हकिकत. पदव्युत्तर अभ्यासासाठी मला एक प्रयोग करायचा होता. आमचा मुलूख हळदीचा. माशांच्या नेहमीच्या खाद्यात, म्हणजे शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा यात, थोडी हळद मिसळली तर रोहूची वाढ सुधारते का, हा माझा विषय. मी सहा टाक्या घेतल्या. प्रत्येकीत दोन-दोन ग्रॅमची पन्नास बोटुकली सोडली. तीन टाक्यांना हळदीचे खाद्य, तीन टाक्यांना साधे. एकूण तीनशे मासे, नव्वद दिवस.

मोजण्यात मी हयगय केली नव्हती, असे मला वाटत होते. माशाच्या पोटात खाद्य असेल तर तेही वजनात येते, म्हणून वजनाच्या आदल्या दिवशी खाद्य बंद. बोटुकलीच्या अंगावर पाण्याचा थेंब राहिला तर दोन ग्रॅमला तो फार होतो, म्हणून ओल्या मऊ फडक्यावर क्षणभर ठेवून पाणी निथळू द्यायचे. तोलताना घमेल्यात आधीच पाणी घेऊन काटा शून्यावर आणायचा आणि मग मासे सोडायचे, म्हणजे त्यांची तडफड होत नाही आणि काटा नाचत नाही. जाळीने काढताना सुस्त मासे आधी हाती लागतात, चपळ निसटतात. म्हणून टाकीतले पाणी उतरवून सगळेच मासे तोलायचे. फार वेळा तोलले तर मासे बिचकतात, काही दिवस खात नाहीत, आणि मोजण्यामुळेच वाढ खुंटते. म्हणून महिन्यातून एकदाच. हे सगळे मी केले.

नव्वद दिवसांनी साध्या खाद्याचे मासे सरासरी चाळीस ग्रॅमचे भरले आणि हळदीचे सत्तेचाळीस ग्रॅमच्या वर. अठरा टक्के जास्त! मी हरखून गेलो. दिवाळीत गावी गेलो तेव्हा नानांना बांधावरच ही बातमी सांगितली. नानांनी एकच विचारले, “नक्की का?” मी म्हणालो, “नाना, तीनशे मासे तोललेत.”

सुट्टी संपवून परत आलो आणि आकड्यांचे कागद मार्गदर्शक सरांपुढे ठेवले. त्यांनी विचारले, “तुमचे नमुने किती?”

मी म्हणालो, “तीनशे.”

“नाही,” सर म्हणाले, “सहा.”

मला काही समजेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की, एका टाकीतले पन्नास मासे हे पन्नास स्वतंत्र साक्षीदार नसतात. ते एकच पाणी पितात, एकच ऊन खातात, एकमेकांचा घास हिसकावतात. टाकीत एखादा दांडगा मासा निघाला की तो उरलेल्यांना दाबून ठेवतो. खाद्य मी टाकीला दिले होते, माशाला नव्हे. म्हणून साक्ष टाकीची. अमेरिकेतल्या हर्लबर्टने १९८४ मध्ये या भ्रमाला नाव दिले आणि कितीतरी छापील संशोधनांत तो कसा शिरला आहे ते दाखवले. आपल्या भाषेत त्याला खोट्या पुनरावृत्ती म्हणता येईल. एकाच माणसाला पन्नास वेळा विचारून पन्नास माणसांचे मत घेतले म्हणण्यासारखे ते आहे.

सरांनी दुसरा प्रश्न विचारला, “कुठल्या टाकीला कुठले खाद्य, हे ठरवले कसे?” मी सोयीने ठरवले होते. खिडकीकडची रांग हळदीची, भिंतीकडची साधी, म्हणजे खाद्य टाकताना घोटाळा नको. आम्ही दोन्ही रांगांत थर्मामीटर बुडवला. खिडकीकडच्या टाक्यांत सकाळचे ऊन येत होते. पाणी दोन अंशांनी जास्त कोमट होते, आणि कोमट पाण्यात रोहू जास्त खातो, जास्त वाढतो. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९२० आणि १९३० च्या दशकांत बजावून सांगितले होते की, कोणत्या वाफ्याला कोणते खत, हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवावे. आपली सोय त्यात येऊ देऊ नये. ‘पानसे-सुखात्मे’त ते सविस्तर आहे. मी ते वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते.

तिसरा प्रश्न सर्वांत साधा होता. “शेवटी मासे किती उरले?” भारनियमनाच्या एका रात्री हवेचा पंप बंद पडला होता. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, त्यामुळे खिडकीकडच्या रांगेत जास्त मासे मेले. हळदीच्या दीडशेपैकी एकशे एकवीस उरले होते, साध्या खाद्याचे एकशे चव्वेचाळीस. उरलेल्यांना जागा ऐसपैस झाली, टाकीला ठरवून दिलेले खाद्य कमी तोंडांत वाटले गेले. मेलेले मासे लहान होते की मोठे, हेही सांगता येईना, कारण ते मी तोललेच नव्हते. हे किती महत्त्वाचे असते ते पाहा. शंभर मासे आहेत, सरासरी दहा ग्रॅमचे. त्यातले पाच-पाच ग्रॅमचे वीस मेले. उरलेल्या ऐंशींची सरासरी लगेच सव्वाअकरा ग्रॅम होते. एकही मासा गुंजभर वाढला नाही आणि कागदावर साडेबारा टक्के वाढ झाली.

सरांनी कागदावर गुणाकार केला. साध्या खाद्याची मासळी एकूण पाच किलो सातशे साठ ग्रॅम. हळदीची पाच किलो सातशे अकरा. म्हणजे हळदीची मासळी उलट थोडी कमीच होती. सरासरीच्या आकड्यात मला जो विजय दिसत होता, तो तराजूच्या पारड्यात कुठेच नव्हता.

प्रयोग पुन्हा केला. या वेळी बारा टाक्या, चिठ्ठ्या टाकून खाद्याची वाटणी, रोज पाण्याच्या तापमानाची नोंद, मेलेला प्रत्येक मासा तोलून वहीत. दोन्ही खाद्यांत जो फरक राहिला तो योगायोगाने पडावा एवढाच होता. हळदीत गुण नाही असे मी म्हणत नाही. माझ्या प्रयोगाने तो सिद्ध झाला नाही, एवढेच खरे. पण मला हे नव्याने कळायला पुढची दिवाळी उजाडली होती. आधीची बातमी दुरुस्त करायला पत्र लिहावे, असे मनात येत असूनही मी ते लिहिले नव्हते. दुसऱ्या प्रयोगाचा निकाल लागू दे, मग कळवू, असे करत राहिलो.

इकडे नानांनी पुतण्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. बसमतच्या बाजारात विकली गेली असती अशी हळदीची कणी त्यांनी दळून तळ्यात घातली. हळदीने वाढ होणारच, म्हणून पेंडीला हात आखडला. वर्षाच्या शेवटी जाळे ओढले तेव्हा मासे शेजारच्या तळ्यापेक्षा हलके निघाले. सोसायटीचा हप्ता तटला आणि नानांना एक खोंड विकावा लागला. मी खाली मान घालून समोर उभा राहिलो. नाना रागावले नाहीत. हसून एवढेच म्हणाले, “हळद लागली रे बाबू, लगीन काही लागलं नाही.”

त्यानंतरच्या काळात मोजमापाचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने १९९२ मध्ये रोहूची निवड पद्धतीने सुधारणा हाती घेतली. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज अशा निरनिराळ्या नद्यांचे रोहू आणून त्यांच्यात संकर केले आणि जास्त वाढणाऱ्या घराण्यांतूनच पुढची पिढी घेतली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, या रोहूला ‘जयंती’ हे नाव मिळाले. दर पिढीला सुमारे सतरा टक्के जास्त वाढ, असा त्याचा लौकिक आहे.

सतरा टक्के! माझ्या त्या अठरा टक्क्यांच्या जवळचाच आकडा. मग तो खरा आणि माझा खोटा कसा? तर तो आकडा मिळवताना माशांना नाव-गाव दिले गेले. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची कुपी माशाच्या पोटात बसवतात. तिच्यात एक क्रमांक असतो. वाचन-यंत्र जवळ नेले की तो क्रमांक उमटतो. मासा कोणत्या घराण्याचा, मागच्या वेळी किती वजनाचा होता, सारे कळते. निरनिराळ्या घराण्यांचे मासे मग एकाच तळ्यात एकत्र वाढवता येतात, म्हणजे उन्हाचा, पाण्याचा पक्षपात सर्वांना सारखा. आणि शेजारी निवड न केलेले साधे रोहूही ठेवायचे, म्हणजे यंदाचे वर्षच चांगले गेले की मासा चांगला झाला, हे ओळखता येते. दाराच्या चौकटीवरची रेघ माशाला अखेर अशी मिळाली.

आता तर पाण्यात कॅमेरा सोडून माशाला हात न लावता त्याची लांबी आणि त्यावरून वजन काढणारी यंत्रे आली आहेत. पण घनाचा नियम त्यांनाही सुटलेला नाही. कॅमेऱ्याने लांबीत तीन टक्के चूक केली की वजनात नऊ टक्के होणारच. आणि कॅमेऱ्यापुढून कोणते मासे जातात, धीट की भित्रे, हा सुखात्म्यांचा प्रश्न तिथेही उभाच आहे.

आज आपल्या भागात शेततळी पुष्कळ झाली आहेत आणि अनेकजण त्यांत मासे सोडतात. त्यांना या सगळ्या इतिहासातून चार गोष्टी घेता येतील. नमुन्याचे मासे तळ्याच्या एकाच कोपऱ्यातून, खाद्य टाकण्याच्या जागेवरून काढू नयेत. तीन-चार ठिकाणी जाळे ओढावे. जाळ्यात आले ते सगळे तोलावेत, त्यातले चांगले निवडू नयेत. तोलायचे ते सकाळी, खाद्य टाकण्याआधी, पाणी निथळू देऊन. आणि सरासरी वजनावर भुलू नये. किती सोडले, किती मेले, एकूण मासळी किती झाली, हे पाहावे. बाजारात विकली जाते ती मासळी, सरासरी नव्हे.

नाना आता नाहीत. त्या वर्षानंतर त्यांनी तळ्याची एक वही ठेवली होती, ती माझ्याकडे आहे. शाळेच्या शंभर पानी वहीत त्यांनी पेन्सिलीने रकाने आखले आहेत: तारीख, किती सोडले, किती काढले, वजन. या चार रकान्यांच्या पुढे त्यांनी पाचवा रकाना आखला आहे आणि त्यावर लिहिले आहे, ‘मेले’. माझ्या पहिल्या प्रयोगाच्या कागदांत हा रकाना नव्हता.